वाइनचा ग्लास आणि फडक्याचा वास

मी नाशिकला एका मसाल्याच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. नव्या लॉटची मिरची पूड जुन्यासारखीच आहे का, गरम मसाल्यात दगडफूल कमी पडलंय का, हे आम्ही चार-पाच जणी नाकाने ओळखतो आणि त्याचा पगार घेतो. त्यामुळे दिवाळीनंतर एका वाइन चाखण्याच्या कार्यक्रमातून मी साडेचार हजारांचे दोन ग्लास घेऊन घरी आले, तेव्हा नवऱ्याने एवढंच विचारलं, "तुला? तुला कुणी गंडवलं?"

गंडवलं असं म्हणता येत नाही, पण प्रयोग छान रचलेला होता. आधी आम्हाला शिराज दिली ती प्लास्टिकच्या कपात, काठोकाठ. मग तीच वाइन मोठ्या फुगीर पोटाच्या, उंच दांडीच्या ग्लासात, तळाशी जेमतेम दोन बोटं. "आता नाक आत घाला. मिरी येईल, काळं मनुकं येईल, थोडा धूर येईल." आणि काय सांगू, आलं! हॉलभर "अरे वा, खरंच" झालं. पुढे पडद्यावर जिभेचा नकाशा. शेंड्याला गोड, कडेला आंबट, मागे कडू. हा ग्लास वाइन बरोब्बर शेंड्यावर सोडतो, म्हणून ती गोड लागते, असं ते गृहस्थ म्हणाले.

तो नकाशा मला माहीत होता. शाळेच्या पुस्तकात होताच, आणि कामावरच्या पहिल्या ट्रेनिंगमध्ये आमच्या मॅडमनी तो पहिल्याच दिवशी फाडून टाकला होता. १९०१ मध्ये डेव्हिड हेनिग नावाच्या जर्मन संशोधकाने जिभेच्या वेगवेगळ्या भागांत चवीच्या संवेदनेत बारीकसा फरक आहे असं मोजलं होतं. पुढे १९४२ मध्ये हार्वर्डच्या एडविन बोरिंगच्या पुस्तकात त्याचा आलेख असा आला की वाचणाऱ्यांना तो बारीक फरक म्हणजे सरळ हद्दीच वाटल्या. प्रत्यक्षात सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात. चिमूटभर मीठ जिभेच्या मागच्या बाजूला ठेवून बघा, शंका राहणार नाही.

म्हणजे कारण खोटं होतं. पण वास तर खरंच वेगळा आला होता. बॅगेत ग्लास, डोक्यात हा किडा. शेवटी ठरवलं, मिरची पूड तपासतो तसंच हेही तपासायचं.

आमच्याकडे याला ट्रँगल टेस्ट म्हणतात. समोर तीन नमुने ठेवायचे, दोन एकसारखे आणि एक वेगळा. वेगळा कोणता, एवढंच सांगायचं. काहीच कळत नसलं तरी तीनातलं एक बरोबर येतंच. म्हणून बारा फेऱ्यांत चार बरोबर म्हणजे नुसता अंदाज. आठ आले तर मात्र नाकाला खरंच काहीतरी कळतंय असं धरायचं. तीन ग्लास मांडायचे प्रकार सहा, प्रत्येक दोनदा, की झाल्या बारा फेऱ्या.

पहिल्या रविवारी उत्साहात सगळं चुकलं. मी तुलनेला स्टीलचं फुलपात्र घेतलं. डोळ्यांना ओढणी बांधून नवरा बसला. लेक ग्लास नाकाखाली धरणार, तो हुंगणार. लेक एकोणीस वर्षांची आहे. महाराष्ट्रात वाइनला एकवीस पूर्ण लागतात, त्यामुळे तिच्याकडे फक्त ओतणं आणि वहीत लिहिणं. पहिल्याच फेरीत नवरा म्हणाला, "हे फुलपात्र." कसं कळलं? वाइन गोल फिरवताना स्टीलचा आवाज वेगळा येतो! मग आवाज नको म्हणून रेडिओ लावला. तर स्टीलचा थंडपणा नाकाच्या शेंड्याला कळतो. फुलपात्र बाद. पाण्याचे साधे, सरळ कडांचे काचेचे ग्लास काढले आणि लेकीला सांगितलं की काठ नाकाला टेकता कामा नये.

आता माझी पाळी. मोठा ग्लास मी चारही वेळा ओळखला. चारपैकी चार! नवऱ्याला म्हटलं, बघ, साडेचार हजार वसूल. सासूबाई शेजारच्या खुर्चीत तांदूळ निवडत होत्या. त्यांना या प्रकाराचं कौतुक नव्हतंच; घरात बाटली आली की देवघराचं दार ओढून घेणाऱ्या त्या. तरी इतका वेळ बघून त्यांनाही राहवेना. म्हणाल्या, "रिकामा दे बघू इकडे." न वापरलेला दुसरा मोठा ग्लास त्यांनी नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला. "अगं, ओल्या फडक्याचा वास येतोय याला. तेच ओळखतेयस तू."

मी हुंगलं. खरंच! धुऊन स्वयंपाकघरातल्या फडक्याने पुसले होते आणि कपाटात जुन्या वर्तमानपत्रावर पालथे घातले होते. फुगीर पोट आणि आत वळलेला काठ, म्हणजे वास कोंडून ठेवायला उत्तम जागा. फडक्याचा वास, कागदाचा वास, बंद कपाटाचा वास, सगळं रात्रभर आत. वाइनचा वास धरून ठेवायला जो आकार केलाय, तो फडक्याचाही वास तितक्याच निष्ठेने धरतो. मी नाकावर पोट भरणारी बाई, आणि हे ऐंशी वर्षांच्या, आयुष्यात वाइन न चाखलेल्या बाईने सांगावं लागलं.

पानं फाडली. नव्याने सुरुवात केली.

ग्लास फक्त गरम पाण्याने धुवायचे, उलटे न ठेवता वाळू द्यायचे, पुसायचंच असेल तर फक्त यासाठी ठेवलेल्या सुती कापडाने. ओतण्याआधी थोडीशी वाइन आत फिरवून टाकून द्यायची. मोजून ५० मिली. आणि तुलनेसाठी मी चाखण्याचा प्रमाणित ग्लास मागवला. वाइनची परीक्षा घेणारे बरेच जण हाच वापरतात. आयएसओ ३५९१ हे त्याचं मानक १९७७ चं. दिसायला अगदी साधा, अंड्याच्या आकाराचा. पोट ६५ मिलिमीटर रुंद, तोंड ४६, भरायचा ५० मिलीच. सहाचा सेट, आणि किंमत माझ्या दोन बड्या ग्लासांच्या निम्म्याहूनही कमी.

एका रविवारी चार फेऱ्या, त्यापेक्षा जास्त नाही, कारण नाक दमतं. दोन फेऱ्यांमध्ये आपल्याच कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्यायचा. आपल्या कातडीची नाकाला सवय असते, त्यामुळे ते परत जागेवर येतं. चार फेऱ्यांना ६०० मिली, म्हणजे जवळजवळ एक बाटली. हुंगून झालेली वाइन एका बरणीत जाई. थोडी रात्री आम्ही दोघं प्यायचो, बाकीची मटणात. (शिराजमध्ये मुरवलेलं मटण आमच्याकडे आता कायमचं झालंय, पण तो वेगळा विषय.)

मधेच एक गंमत कळली. नवऱ्याला शिराजमधली मिरी येतच नव्हती. मला ती ग्लास हलवायच्या आतच यायची. कामावर विचारलं तर आमच्यातही एकीला ती येत नाही. हा वास रोटंडोन नावाच्या रेणूचा. आपल्या काळ्या मिरीत असतो तोच शिराजच्या द्राक्षाच्या सालीत. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये तो शोधून दाखवला, आणि पाचातल्या साधारण एका माणसाला तो भरपूर असला तरी जाणवत नाही हेही तेव्हाच दिसलं. म्हणजे कार्यक्रमात "मिरी येते ना?" म्हटल्यावर माना डोलावणाऱ्यांतल्या काहींना ती येणं शक्यच नव्हतं! नवऱ्याने तिथे असता तर मान डोलावली असती का, हे मी विचारलं नाही.

पाण्याचा ग्लास विरुद्ध प्रमाणित ग्लास, तीन रविवार, बारा फेऱ्या. माझे दहा बरोबर, नवऱ्याचे नऊ. इथे वाद नाही. सरळ ग्लासातून वाइनपेक्षा आधी दारूचा भपकारा नाकात शिरायचा, फळ मागून यायचं, तेही पातळ. अंड्याच्या आकारातून फळ आधी.

याचं कारण मला पुढे एका जपानी संशोधनात सापडलं आणि मी ते दोनदा वाचलं. टोकियोत कोजी मित्सुबायाशी आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये वाइनच्या ग्लासावरच्या वाफेचं चक्क चित्र काढलं. ग्लासाच्या तोंडावर एंझाइम लावलेली जाळी ठेवायची. अल्कोहोलची वाफ लागली की ती उजळते, आणि कॅमेरा ते टिपतो. वाइन १३ अंश सेल्सिअसवर होती. वाइन ग्लासात अल्कोहोल काठालगत कड्यासारखं वर आलं आणि मधला भाग त्यामानाने मोकळा राहिला. सरळ ग्लासात आणि कॉकटेलच्या पसरट ग्लासात असं कडं दिसलं नाही. नाक मध्यभागी धरलं की दारूचा भपकारा कमी आणि फळाचा वास जास्त, हे त्यामुळे पटलं. ग्लास गोल फिरवण्याचंही मग नाटक वाटेना. वाइन आतल्या भिंतीला लागते, पृष्ठभाग वाढतो, जास्त रेणू हवेत येतात, आणि आत वळलेला काठ त्यांना लगेच पळू देत नाही. पण त्यासाठी वर रिकामी जागा हवी. काठोकाठ भरलेल्या कपात हे घडायला वावच नाही. कार्यक्रमात प्लास्टिकचा कप हरला तो तिथेच, मांडतानाच.

आता मुख्य लढत. प्रमाणित ग्लास विरुद्ध माझा साडेचार हजारी. परत तीन रविवार. डिसेंबर संपत आला होता आणि सकाळी घर इतकं गार असायचं की रेड वाइन फ्रिजमध्ये ठेवायची गरज नव्हती. हे बरंच झालं, कारण मोठ्या ग्लासात पसरलेली थंड वाइन लवकर गरम होते, आणि गरम वाइनचा वास जास्त येतो. मग ओळखलं ते आकारामुळे की तापमानामुळे, हा घोळ झाला असता.

माझे पाच बरोबर. नवऱ्याचे चार.

लेकीने आकडा वाचून दाखवला तेव्हा मी वही तिच्या हातातून घेऊन परत मोजलं. पाचच. कधी मोठ्यातला वास किंचित उघडा, पसरलेला वाटायचा. पुढच्या फेरीत तसाच वाटलेला ग्लास नेमका छोटा निघायचा. मग मी अमेरिकेतला एक जुना प्रयोग वाचला. जेनीन डेलविच आणि मार्सिया पेल्चॅट यांनी २००२ मध्ये लोकांना ग्लास दिसूही न देता आणि हातात धरूही न देता वाइनचा वास दिला होता. आकाराचा परिणाम त्यांनाही सापडला, पण फार सूक्ष्म. आमचं घर म्हणजे प्रयोगशाळा नव्हे आणि दोन नाकांवरून जगाचा निकाल लागत नाही, पण मला जरा हायसं वाटलं.

राहिली चव. इथे मोठी अडचण होती: ओठाला काठ लागला की ग्लास कळतो. बड्या ग्लासाचा काठ कागदासारखा पातळ. म्हणून दोन्ही ग्लासांतली वाइन दहा मिनिटं ठेवून चमच्याने चाखली. बारात चार. नाकाला पोहण्याची क्लिप लावून चाखली तर तीन, आणि खरं सांगायचं तर क्लिप लावल्यावर ती वाइन आहे हेही पटत नव्हतं. नुसतं आंबट, तुरट पाणी. सर्दीत आमटी कशी लागते, तसं. आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा भाग घशामागून नाकात चढणारा वासच असतो. म्हणजे ग्लास वाइनमध्ये काही बदल करत नाही. जे करतो ते नाकाशी, थोडं ओठाशी आणि बरंचसं डोळ्यांशी.

डोळ्यांचं तर विचारूच नका. ओढणी काढून, सगळं माहीत असताना, नवऱ्याला दोन्ही ग्लास दिले आणि विचारलं, आवडतो कोणता? "मोठा," तो एका क्षणात म्हणाला. "वही वाचून दाखवू?" "वाच. मला मोठाच आवडतो."

आता आमच्याकडे असं आहे. नवी बाटली नीट समजून घ्यायची असेल तर प्रमाणित ग्लास. पाहुणे आले तरी तेच, सहा असल्यामुळे. ग्लास कपाटात सुलटे, आणि त्यांचं फडकं वेगळं. त्या फडक्याला सासूबाई "दारूचं फडकं" म्हणतात आणि ते चुकून पोळ्यांच्या डब्याजवळ दिसलं तर मला हाक मारतात.

बड्यांतला एक जानेवारीत धुताना दांडीशी तुटला. उरलेला एक नवऱ्याचा. गेल्या शुक्रवारी तो बाहेरगावी होता, म्हणून मी तो काढला, दोन बोटं शिराज ओतली आणि गच्चीत बसले. वहीत पाच बरोबर आणि सात चूक लिहिलेलं असूनही ती मला जास्त चांगली लागली.