ठोकळा तोच, प्रश्न वेगळा

आजपासून प्रकरणवार अभ्यास बंद. एकेक प्रकरण ‘संपवत’ गेलं की मनाला बरं वाटतं, हे खरं. पण ‘ऊर्जा’ या मथळ्याखालची गणितं सोडवताना कुठला नियम लावायचा हे मथळ्यानेच सांगून टाकलेलं असतं. भौतिकशास्त्रातलं अर्धं कोडं तिथेच फुकट सुटतं. प्रश्नपत्रिकेत मथळे नसतात.

म्हणून दुपारी एकच आकृती घेऊन बसले. 5 मीटर उंचीचा, 30 अंशांचा गुळगुळीत उतार, वरून ठोकळा सोडलाय. तळाशी वेग किती? ऊर्जेची अक्षय्यता लावली की दोन ओळींत उत्तर: 10 मीटर प्रतिसेकंद (गुरुत्व त्वरण 10 धरून). कोन लागलाच नाही. आता विचारलं, तळाशी पोचायला वेळ किती? इथे ते समीकरण गप्प, कारण त्यात वेळ नाहीच. मग बलांची आकृती काढायची, उताराच्या दिशेने त्वरण काढायचं: जी साइन थीटा (जी म्हणजे गुरुत्व त्वरण, थीटा म्हणजे उताराचा कोन), म्हणजे 5. उताराची लांबी 10 मीटर, वेळ 2 सेकंद. पुढे उतार खडबडीत केला आणि ठोकळ्याच्या जागी न घसरता घरंगळणारा भरीव गोळा ठेवला. घर्षण आलं म्हणून ऊर्जेचा नियम सोडून द्यावासा वाटतो, पण तोच चालतो. फक्त थोडी ऊर्जा फिरण्यात जाते आणि वेग साधारण 8.5 वर येतो. गोळा लहान की मोठा, हलका की जड, काही फरक नाही. हे मला अजूनही जादूसारखं वाटतं.

1981 साली मिशेलीन ची (Chi) या संशोधिकेने आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्रातल्या गणितांचे गट पाडायला लावले होते. नवशिक्यांनी उताराची एकीकडे, स्प्रिंगची दुसरीकडे अशी वाटणी केली. जाणकारांनी आकृतीकडे फारसं न बघता, आत कुठला नियम आहे त्यावरून गट केले.

तेव्हा सगळ्या प्रकरणांतली गणितं चिठ्ठ्यांवर लिहून पिसली. चिठ्ठी उचलायची, आकृती काढायची, कुठला नियम आणि का ते एका ओळीत लिहायचं, पुढची उचलायची. आकडेमोड निवडक गणितांचीच. उत्तर आलं की कोन शून्य आणि नव्वद करून बघायचा. त्वरणात चुकून साइनऐवजी कॉस पडला, तर सपाट जमिनीवरचा ठोकळा आपला आपण पळत सुटेल!

सूत्रं पाठ लागतातच, त्यावर वाद नको. पण ती पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहायची. वाचताना सगळंच येतंय असं वाटतं आणि ते वाटणं लबाड असतं.

शेवटची चिठ्ठी मजेशीर निघाली. टांगलेल्या लाकडात गोळी घुसते, लाकूड झोका घेऊन वर जातं. गोळीची ऊर्जा थेट उंचीशी जोडण्याचा मोह होतो, पण घुसताना तिचा बराच भाग उष्णतेत गेलेला असतो. धडकेपुरता संवेगाचा (वस्तुमान गुणिले वेग) नियम, त्यानंतर ऊर्जेचा. एकाच गणितात दोन नियम, आणि सांधा नेमका कुठे ते ओळखायचं. उद्या असलीच जोडगणितं शोधून गठ्ठ्यात घालणार आहे.