थिनिंगच्या कात्रीने बिघडलेला बॉब

"तुमचे केस दाट आहेत, जरा हलके करून देते." पार्लरमध्ये हे वाक्य कानावर आलं की तिथेच थांबवा. माझा बॉब याच वाक्यानंतर बिघडला, आणि ते आठवलं की अजून चिडचिड होते.

मला हवा होता हनुवटीपर्यंतचा, एका लांबीचा, सरळ कडेचा बॉब. कापणं नीटच झालं. शेवटी मात्र टोकांमध्ये थिनिंगची कात्री फिरली. या कात्रीच्या पात्याला दाते असतात, त्यामुळे प्रत्येक कापीला बटेतले काही केस आखूड होतात आणि काही तसेच राहतात. लेयर्समध्ये, म्हणजे कमीजास्त लांबीच्या थरांत कापलेल्या केसांत, ते खपून जातं, बॉबमध्ये नाही. बॉबची कड खाली बसते ती टोकांशी असलेल्या केसांच्या वजनामुळे. तेच काढून टाकलं की आखूड केसांना खाली ओढणारं काही उरत नाही आणि ते कडेतून बाहेर डोकावतात. ब्लो ड्राय केलेलं असतं म्हणून पार्लरच्या आरशात हे दिसत नाही; घरी दोनदा केस धुतले की दिसतं. मुंबईच्या पावसाळी हवेत तर दुपारपर्यंत कड झाडूसारखी होते.

"वाढतील, मग बसतील" हा सल्ला चुकीचा आहे. आखूड आणि लांब केस सारख्याच वेगाने वाढतात, त्यामुळे नुसतं थांबून त्यांच्यातला फरक मिटत नाही. माझ्या केसांत तो 3 सेंटीमीटर होता. एकदम कापले असते तर कड हनुवटीच्या बरीच वर गेली असती. केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतात, म्हणून दर महिन्याला तेवढीच कड कापायची. लांबी हनुवटीशीच राहते आणि आखूड केस हळूहळू कडेला येऊन मिळतात. तिसऱ्या ट्रिमला रेषा परत सरळ झाली तेव्हा फार हायसं वाटलं.

तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्याच सांगा: ब्लंट (म्हणजे कड सरळ कापलेला), एका लांबीचा, थिनिंग नको, रेझर नको. केस खरंच दाट असतील तर मानेजवळच्या आतल्या थरातून कमी करून घ्या. टोकांच्या 4 सेंटीमीटरला हात लावू देऊ नका.

केस नागमोडी असतील तर ओले असताना 2 सेंटीमीटर जास्त लांबी ठेवायला सांगा, वाळल्यावर ते वर चढतात. मानेवर भोवरा असेल तर तो आधी दाखवा. तिथली कड फार आखूड झाली की केस उभेच राहतात. मान कापताना हनुवटी छातीला टेकवा आणि हलू नका. भांग मात्र रोजचाच ठेवा. कापताना मधला आणि घरी बाजूचा पाडलात तर दोन्ही बाजू वरखाली दिसतात.

रोजची निगा सोपी आहे. ड्रायरचा झोत मुळांकडून टोकांकडे, वरून खाली, आणि सोबत चपटा ब्रश. स्ट्रेटनर लावायच्या आधी केस पूर्ण कोरडे हवेत, उष्णतेपासून वाचवणारा स्प्रे हवा आणि तापमान 150 ते 180 अंश. पातळ किंवा रंगवलेल्या केसांना त्याहून कमी. बट पातळ घ्या, एकदाच फिरवा, टोकाशी मनगट किंचित आत वळवा. सीरमचे दोन थेंब तळव्यांवर चोळून आधी मागच्या केसांना लावा. मुळांना लागलं तर केस चिपचिपीत दिसतात. खोबरेल तेल धुण्याआधी तासभर, नंतर नाही.

हो, ट्रिमला जाताना केस धुऊन, आपोआप वाळू देऊन जा. कुठली बट बाहेर पळते ते कोरड्या केसांतच कळतं. रेषा सरळ असेल तर दर सहा आठवड्यांनी गेलं तरी चालतं.