सोलारिस ८ वर आरसिंक बसवताना

कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सन कंपनीचा अल्ट्रा ५ हा जुना संगणक अजून रोजच्या कामात आहे. त्यावर सनचीच ऑपरेटिंग सिस्टिम सोलारिस ८, म्हणजे २००० सालचा माल. पॅटर्नची सगळी ड्रॉइंग्ज त्यातच. मालकांनी, म्हणजे अण्णांनी, आधीच बजावलं, "बाकी काय पण करा, मशीन तेवढं बंद करू नका." बरोबरच आहे त्यांचं. या मशीनच्या घड्याळाच्या चिपमध्येच बॅटरी असते. ती मेली, की वीज गेल्यावर मशीन स्वतःचा नेटवर्क पत्तासुद्धा विसरतं.

रोज रात्री बदललेली ड्रॉइंग्ज तेवढी शेजारच्या लिनक्सवर जायला हवी होती. म्हणजे आरसिंक, बदललेल्या फाइली तेवढ्या दुसऱ्या मशीनवर नेणारा प्रोग्रॅम, आणि तेही तिथंच कंपाइल करून, म्हणजे सोर्स कोडपासून बांधून.

ताज्या आवृत्तीच्या नादी लागलो नाही. ३.२ पासून आरसिंक झेडस्टँडर्ड, एक्सएक्सहॅश अशा बऱ्याच जादा लायब्रऱ्या मागतं. "नको" म्हणून सांगता येतं, पण मशीनच्या वयाला शोभेल असं २००६ चं २.६.९ घेतलेलं बरं. पलीकडे नवं आरसिंक असलं तरी ते जुन्याच्या प्रोटोकॉलवर उतरून बोलतं.

बांधण्याआधी मशीनवर काय काय आहे ते तपासणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट पहिल्याच पायरीवर अडली: सी कंपायलरला एक्झिक्युटेबल बनवता येत नाही. जीसीसी हा फुकट मिळणारा सी कंपायलर तर मशीनवर होता! अशा वेळी इकडेतिकडे शोधत बसू नये, सरळ कॉन्फिगरनं लिहिलेली कॉन्फिग डॉट लॉग ही फाइल उघडावी. स्क्रीनवर नुसता निकाल दिसतो. कुठली कमांड चालवली आणि ती काय बोलली, हे लॉगमध्ये असतं. पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, /यूएसआर/लोकल/बिन नसल्यानं जीसीसी सापडलं नव्हतं आणि कॉन्फिगरनं /यूएसआर/यूसीबी मधला सीसी उचलला होता. तो कंपायलर नव्हेच. सनचा खरा कंपायलर वेगळा विकत घ्यावा लागायचा; तो नसेल तर हा सीसी "पॅकेज बसवलेलं नाही" एवढंच सांगून गप्प बसतो. पाथ सुधारला. त्यातच /यूएसआर/सीसीएस/बिन घातलं, कारण मेक, एआर, एलडी ही प्रोग्रॅम बांधायला लागणारी मंडळी सोलारिसवर तिथं राहतात.

मेक झालं, पण आरसिंक चालवल्यावर जीसीसीची लायब्ररी सापडेना. इथं एलडी लायब्ररी पाथ, म्हणजे लायब्ररी कुठं शोधायची ते सांगणारं सेटिंग, लावून मोकळं व्हायचा मोह होतो. तो हातानं चालवताना पुरतो. ठरल्या वेळी कामं चालवणारं क्रॉन मात्र तुमची प्रोफाइल वाचत नाही, त्यामुळं रात्री काम बोंबलतं आणि सकाळी अण्णांचा फोन. त्यापेक्षा एलडीफ्लॅग्जमध्ये, म्हणजे लिंकरला द्यायच्या सूचनांत, कॅपिटल आर (-R) देऊन /यूएसआर/लोकल/लिब हा रस्ता बायनरीतच कोरून टाकायचा आणि पुन्हा बांधायचं. मग बायनरीला लागणाऱ्या लायब्रऱ्या दाखवणारी एलडीडी कमांड चालवून एकही "फाइल नॉट फाउंड" नाही ना, ते बघायचं.

राहिला एसएसएच, ज्यातून आरसिंक एरवी फाइली सुरक्षितपणे पाठवतं. तो सोलारिसमध्ये आला ९ पासून. ८ वर तो बांधायचा तर ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी आली, यादृच्छिक आकड्यांसाठी पॅच आला. एकाच खोलीतल्या दोन मशीनसाठी कशाला एवढा कुटाणा? लिनक्सवर आरसिंकचा डीमन, म्हणजे मागं सतत चालू राहणारा प्रोग्रॅम, ८७३ पोर्टवर उभा केला आणि त्याला फक्त या सनचाच आयपी चालेल असं सांगून ठेवलं.