सेर्वांतेसच्या वाटेने: अल्काला, माद्रिद आणि कांपो दे क्रिप्ताना

‘दोन किखोते’ (डॉन किहोते) या कादंबरीचा स्पॅनिश लेखक मिगेल दे सेर्वांतेस याच्या खुणा पाहायच्या तर सुरुवात अल्काला दे एनारेसपासून करा आणि सोमवार टाळा, त्या दिवशी त्याच्या जन्मघराचं संग्रहालय बंद असतं. माद्रिदच्या आतोचा स्थानकातून सी-२ किंवा सी-७ लोकल पकडली की पाऊण तासाच्या आत पोचता येतं. काये मायोर रस्त्यावरचं हे घर विसाव्या शतकात नव्याने उभारलं आहे. प्रवेश मोफत आहे, पण तासाभरापेक्षा जास्त वेळ ठेवू नका. उरलेला वेळ चौकातल्या कापिया देल ओइदोरला, म्हणजे जुन्या सांता मारिया चर्चच्या उरलेल्या प्रार्थनागृहाला द्या. मिगेलचा बाप्तिस्मा ९ ऑक्टोबर १५४७ रोजी झाला, तो याच चर्चमध्ये. स्पेनच्या यादवी युद्धात चर्च पडलं. उरलेल्या भागात बाप्तिस्म्याचं कुंड आहे, जुने तुकडे बसवून पुन्हा घडवलेलं.

माद्रिदमध्ये मेट्रोने आंतोन मार्तिनला उतरा, पुढचं सगळं पायी होतं. आतोचा रस्त्यावर ८७ क्रमांकाशी हुआन दे ला कुएस्ताचा छापखाना होता. १६०५ चा ‘दोन किखोते’ तिथलाच. सेर्वांतेस २२ एप्रिल १६१६ रोजी वारला, ते घर पाडलं गेलं आहे. लेओन आणि सेर्वांतेस रस्त्यांच्या कोपऱ्यावर फक्त पाटी आहे. ती बरीच उंचावर असल्याने मान वर करून शोधावी लागते. दफन झालं मागच्याच रस्त्यावरच्या त्रिनितारियास मठात. मठात आजही जोगिणी राहतात, त्यामुळे एरवी दार बंद दिसेल. प्रार्थनेची वेळ पाहून जा. याच भागातलं सेर्वांतेसच्या काळातला नाटककार लोपे दे वेगा याचं घर मोफत दाखवतात, पण आधी नाव नोंदवावं लागतं.

किखोते राक्षस समजून ज्यांच्याशी लढतो, त्या पवनचक्क्यांसाठी अख्खा दिवस राखून ठेवा. कोन्सुएग्रा गावातली चक्क्यांची रांग फोटोत जास्त देखणी दिसते, तरी आमची पसंती कांपो दे क्रिप्तानाला. इथल्या बुर्लेता, इन्फांतो आणि सार्दिनेरो या तीन चक्क्या सोळाव्या शतकातल्या असून त्यांची लाकडी यंत्रणा अजून शाबूत आहे. आत शिरलात तर छपराखालच्या छोट्या खिडक्या जरूर पाहा. वारा कुठल्या बाजूचा आहे, हे चक्कीवाला त्यांतून ओळखायचा. मग बाहेर जमिनीपर्यंत आलेल्या लांब दांड्याने सगळं छप्पर पात्यांसकट वाऱ्याकडे वळवायचा. वारा अचानक फिरून पाठीमागून आला, तर पाती आणि छप्पर दोन्ही मोडायची भीती असे. कादंबरीच्या आठव्या प्रकरणात वाऱ्याची झुळूक येऊन पाती हलू लागतात आणि किखोतेचा भाला मोडतो. टेकडीवर उभं राहून ते प्रकरण वाचलं की त्यातला जोर नीट कळतो.

माद्रिदहून क्रिप्तानाला थेट रेल्वेगाड्या मोजक्याच आहेत. त्या जमल्या नाहीत तर आल्कासार दे सान हुआनला उतरून टॅक्सी करा, अंतर दहा किलोमीटरच्या आतच आहे. परतीची गाडी आधीच ठरवून ठेवा. दुपारी दोननंतर चक्क्या आणि दुकानं बंद होतात, टेकडीवर सावली नाही, जुलै-ऑगस्टमध्ये तर भाजून निघाल. पाणी जवळ ठेवा, टोपीला बंद हवाच.

एल तोबोसो गावातलं दुल्सिनेआचं (कादंबरीतल्या किखोतेच्या प्रेयसीचं) घर आणि नाना भाषांतल्या ‘किखोते’च्या प्रतींचं संग्रहालय स्वतःची गाडी असेल तरच जोडा.