शेळ्यांच्या कानाखालची गाठ: आम्ही कळप कसा सांभाळला

आमच्या शेडवर, पुरंदर तालुक्यात, उस्मानाबादी आणि संगमनेरी शेळ्या आहेत. गाठ दिसली की आम्ही आधी तिची जागा बघतो. जबड्याखाली मऊ सूज असेल, बोटाने दाबल्यावर खड्डा पडत असेल आणि सकाळी ती ओसरत असेल, तर संशय जंतांवर. इंजेक्शनच्या जागचं गळूही वेगळं. पण कानाखाली, खांद्याच्या पुढे, मांडीपुढच्या घडीत किंवा कासेच्या वर टणक गाठ असेल आणि शेळी चारा नेहमीसारखा खात असेल, तर ती सुजलेली लसिकाग्रंथी, म्हणजे शरीरात शिरलेले जंतू अडवणारी गाठ. तिथे कोरिनेबॅक्टेरियम स्यूडोट्युबरक्युलोसिस हा जिवाणू घर करतो.

खात्री तपासणीनेच होते. डॉक्टरांनी न फुटलेल्या गाठीवरचे केस काढले, आयोडीन लावलं आणि जाड सुईने पू ओढला. फुटलेल्या गाठीच्या पुवात धुळीतले इतर जंतू मिसळतात, मग निदान फसतं. नमुना बर्फाच्या डब्यातून पुण्यातल्या औंधच्या, पशुसंवर्धन खात्याच्या रोग अन्वेषण विभागात दिला.

खरी काळजी गाठ फुटण्याची. त्या पुवात जिवाणू ठासून भरलेले असतात आणि गव्हाणीच्या फळीवर, मातीत ते महिनोन् महिने टिकतात. दुसऱ्या शेळीच्या अंगावर खिळ्याचा साधा ओरखडा असला तरी त्यांना वाट मिळते. म्हणून गाठीवरचे केस गळायला लागले, मधोमध मऊपणा आला, की शेळी लगेच वेगळी बांधायची आणि डॉक्टरांना बोलवायचं. कानाखाली चेहऱ्याची नस आणि मोठ्या रक्तवाहिन्या असतात, तिथे आपण ब्लेड चालवायचं नाही.

चीर उभी आणि गाठीच्या खालच्या टोकाला हवी, म्हणजे पू साठत नाही. टूथपेस्टसारखा घट्ट, हिरवट-पांढरा पू निघतो, वास जवळजवळ नसतो. तो जमिनीवर एक थेंबही पडू द्यायचा नाही. खाली जुनी पोती अंथरायची आणि पू, कापूस, हातमोजे सगळं त्यासकट जाळायचं. पोकळी पाच टक्के पोव्हिडोन आयोडीन उकळून गार केलेल्या दहापट पाण्यात मिसळून धुवायची. जखम पूर्ण भरेपर्यंत शेळी कळपात सोडायची नाही. हा रोग माणसालाही होतो, त्यामुळे हातमोज्यांत हयगय नको.

नुसत्या अँटिबायोटिकवर पैसे घालवू नयेत, हे आमचं ठाम मत. गाठीभोवती जाड कवच असतं, शिवाय जिवाणू पांढऱ्या पेशींच्या आत लपतो. औषध पोचतच नाही.

शेड धुताना आधी लेंड्या, माती खरवडून काढली, मगच जंतुनाशक मारलं. घाणीवर मारलेलं औषध वाया जातं. बाहेर आलेले खिळे, तारांची टोकं ठोकून घेतली. कान टोचायची चिमटी आणि सुई प्रत्येक शेळीला स्वच्छ केलेली वापरतो.

बाहेर गाठ नसलेली, पण खाऊनही खंगत जाणारी, खोकणारी शेळी सर्वांत धोक्याची. फुप्फुसात, यकृतात गाठी असू शकतात. अशा शेळ्या आणि वारंवार गाठ येणाऱ्या शेळ्या आम्ही पैदाशीतून काढल्या. बाजारात दुसऱ्याच्या गळ्यात मात्र त्या मारल्या नाहीत.

चाकणच्या बाजारातून नवी शेळी घेताना दोन्ही हातांनी सगळ्या ग्रंथी चाचपतो, आणि तरीही निदान दोन महिने तिला वेगळंच ठेवतो, कारण गाठ दिसायला दोन ते सहा महिने लागू शकतात.