आमची वाटचाल : दाणा, कॅरेट आणि तेलाचा भाव

२००९ साली नाशिकच्या अंबड एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात एक जुनं मोल्डिंग मशीन बसवून आम्ही सुरुवात केली. आज तीन मशीन आहेत, चौदा माणसं आहेत. माल तोच, टोमॅटो-द्राक्षाचे क्रेट. शेतकरी त्याला कॅरेट म्हणतो, आम्हीही तेच म्हणतो.

कॅरेट बनतं एचडीपीई नावाच्या प्लास्टिकच्या दाण्यापासून. पांढरा, मसुरीएवढा दाणा, २५ किलोची गोणी. त्याचं मूळ कच्चं तेल नाहीतर नैसर्गिक वायू, म्हणून तिकडे भडका उडाला की इकडे आमची गोणी महागते. फेब्रुवारी २०२१मध्ये अमेरिकेत टेक्सासला बर्फाच्या वादळाने पेट्रोकेमिकल कारखाने बंद पडले. मार्चमध्ये सुएझ कालव्यात एव्हर गिव्हन जहाज सहा दिवस अडकलं. त्या वर्षी कंटेनरची भाडीही कडाडली. तेवढं आम्ही कसंबसं निभावलं.

खरा फटका मार्च २०२२चा. जानेवारीत एका शेतकरी गटाची दोन हजार कॅरेटची ऑर्डर ठरलेल्या भावाने घेतली होती, पण पैसे अडकल्यामुळे दाणा भरून ठेवता आला नव्हता. २४ फेब्रुवारीला युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं आणि ७ मार्चला ब्रेंट, म्हणजे जागतिक बाजारातलं कच्चं तेल, पिंपाला १३९ डॉलरपर्यंत गेलं. व्यापाऱ्याचा फोन आला, "शेठ, हा भाव आज संध्याकाळी पाचपर्यंतच. उद्याचं उद्या बघू." एका कॅरेटला दीड किलो दाणा लागतो. किलोला पंधरा रुपये वाढले म्हणजे कॅरेटमागे साडेबावीस, आणि आमचा नफा होता बारा.

गटाचे अध्यक्ष म्हणाले, "भाऊ, डिझेल तर जागच्या जागी आहे, मग कॅरेट कसं वाढलं?" त्यांचं खरं होतं. नोव्हेंबर २०२१पासून पंपावरचा भाव हलला नव्हता. मी दाण्याची दोन बिलं, जानेवारीचं आणि मार्चचं, टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. ते बराच वेळ बघत बसले. २२ मार्चपासून डिझेल वाढायला लागलं आणि दोन आठवड्यांत लिटरला दहा रुपयांनी चढलं. तेव्हा टेम्पोवाल्यानेही भाडं वाढवलं. एप्रिलमध्ये किरकोळ महागाई ७.७९ टक्क्यांवर गेली. आमच्या गोदामात ती महिनाभर आधीच पोचली होती.

माल आम्ही जुन्याच भावाने दिला. द्राक्ष वेलीवर थांबत नाही. शिवाय वाढीव खर्च मी उद्या गिऱ्हाइकावर टाकू शकतो, पण माझं गिऱ्हाईक असलेल्या शेतकऱ्याला तो कुणावरच टाकता येत नाही. पिंपळगावच्या बाजार समितीतल्या लिलावात जी बोली लागेल तोच त्याचा भाव. ही गोष्ट मला आजही बोचते. घरची एक एफडी मोडावी लागली.

तेव्हापासून आमचा भाव सात दिवसांपुरताच असतो, आणि ॲडव्हान्स आला की त्याच दिवशी दाणा उचलतो. फुटकी कॅरेट परत विकत घेतो. त्यांचा दाणा पुन्हा वापरात येतो, त्यामुळे शेतकऱ्याला नवं थोडं स्वस्त पडतं. तो गट आता दर ऑक्टोबरला ऑर्डर देतो, आणि सोबत मागच्या हंगामातली फुटकी कॅरेट ट्रॅक्टरभर पाठवतो.