आमची वाटचाल : मांगरातली धूळ आणि एक प्रतिस्पर्धी

गोव्यात सांखळीला घरामागच्या मांगरात, म्हणजे शेडीत, आम्ही सुतारकामाचं पहिलं मशीन बसवलं ते २००७ साली. मी आणि माझा मामेभाऊ. दहा इंची टेबल सॉ, म्हणजे टेबलात बसवलेली गोल करवत, रंधा मशीन, लाकडाला खाचा पाडणारा एक राउटर आणि वडिलांच्या पटाश्या. लोहखनिजाच्या खाणी जोरात होत्या, ट्रकमालक घरं बांधत होते, फणसाच्या देव्हाऱ्यांना आणि सागवानी दारांना मरण नव्हतं. २०१२ ला खाणी बंद पडल्या. त्या काळाबद्दल आमच्या तालुक्यात सगळेच रडतात, मी रडत नाही. आमचं दुकान बुडायला आलं ते खाणींमुळे नव्हे, धुळीमुळे. आणि खरं सांगायचं तर एका माणसामुळे.

नाव घेत नाही. तो आणि मी एकाच मेस्तांच्या, म्हणजे सुतार उस्तादांच्या, हाताखाली शिकलो. त्याने पुढे एमडीएफच्या, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या फळ्यांच्या, किचनचा धंदा धरला, मी लाकूड धरून बसलो. चवथीआधीच्या गर्दीत माझ्याकडे माटोळीच्या (गणपतीवर फळं-फुलं टांगायच्या) चौकटी करायला माणसं कमी पडायची आणि त्याच्याकडे पोरं मोबाइल बघत बसायची, हे त्याला खुपत होतं. मामेभावाचा खोकला थांबेना म्हणून मी धूळ खेचायचं मशीन आणलं, तेव्हा हा चारचौघांत म्हणाला, ‘‘सुताराला धुळीची बाधा? मग उद्या मासे विकणारणीला वासाची होईल!’’ लोक हसले. मीही हसलो, पण लक्षात ठेवलं.

२०१४ च्या मे महिन्यात पंचायतीत अर्ज गेला. शेजारणीच्या अंगणात वाळत घातलेल्या आमसुलांवर आमचा भुसा बसतो, कारखाना बंद करा. शेजारणीने त्याआधी कधी चकार शब्द काढला नव्हता. तिला सही करण्यापुरतंच लिहिता येतं आणि अर्जात ‘पर्यावरणाचा ऱ्हास’, ‘श्वसनविकार’ असले शब्द. कुणाच्या घरी टाइप झाला ते मी विचारलं नाही. त्याच आठवड्यात एका हॉटेलच्या खोल्यांचं काम आमच्या हातातून गेलं. ‘‘ते दुकान आता सील होणार,’’ असं मालकाच्या कानावर आधीच घातलं गेलं होतं. काम कुणाला मिळालं हे सांगायची गरज नाही. आगाऊ घेतलेलं सागवान मांगरात पडून, बँकेचा हप्ता डोक्यावर. मामेभाऊ त्याच पावसाळ्यात टेंपो चालवायला निघून गेला. जाण्याआधी प्रत्येक मशीनच्या पाईपसाठी प्लायची सरकती झाकणं त्याने करून दिली. ती अजून अडकत नाहीत.

त्या दिवसांत आसगावच्या एका बाई टिकल्या. पोर्तुगीज काळातलं घर, शिसवी खुर्च्या, वेताच्या बैठकी. मी म्हटलं, ‘‘बाई, उशीर होईल, दुकानाचं काही खरं नाही.’’ त्या म्हणाल्या, ‘‘मेस्ता, म्हाका घाई ना.’’ खुर्ची होईपर्यंत स्टूल टाकून समोर बसायच्या आणि खोकायच्या. मग लिस्बनच्या मुलाने पाठवलेलं हवा मोजायचं यंत्र एके दिवशी पिशवीतून काढून त्यांनी माझ्या बाकावर ठेवलं.

पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतची बारीक धूळ. तिची आपल्याकडची मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम. आम्ही सँडर (लाकूड घासायचं मशीन) बंद केला, चहा पिऊन आलो, तरी आकडा तीनशेच्या वर. जमीन झाडून चकचकीत, धूळ खेचायच्या मशीनची पिशवी भुशाने टम्म, हवेत डोळ्यांना काही नाही. दुखणं पिशवीत होतं. तीस मायक्रॉनचं कापड ढलप्या आणि जाड भुसा धरतं. फुप्फुसात उतरणारी पूड त्यातून आरपार जाते आणि मशीनच ती खोलीभर फेकतं. पावसाळ्यात कापड ओलसर होऊन गच्च बसतं, मग खेचही जाते. १९९५ सालीच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ पहिल्या गटात टाकली, म्हणजे तिने कॅन्सर होऊ शकतो याबद्दल शंका नाही. आमच्या मेस्तांना हे कुणी सांगितलं होतं?

चार इंची पाईप उपटून सहा इंची टाकला. बघायला दोन इंचांचाच फरक दिसतो, पण वाट सव्वादोन पट होते. धंद्यातला हिशेब असा की छोट्या मशीनवर चार इंचीतून ३५०-४०० सीएफएमच्या (मिनिटाला घनफुटांच्या) वर हवा येत नाही आणि टेबल सॉची बारीक पूड धरायला ८०० तरी लागतात. काटकोनी एल्बो काढून दोन-दोन पंचेचाळीसचे बेंड जोडले. वळ्यावळ्यांचा लवचीक पाईप जेमतेम हातभर ठेवला. मोटर तीन हॉर्सपॉवरची. डिचोलीच्या पत्रेवाल्याकडून सायक्लोनचा शंकू करून घेतला. जड भुसा फिरून खाली डब्यात पडतो, उरलेली पूड फिल्टरला जाते. आणि फिल्टर? खाणी बंद म्हणून आवरायला काढलेल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून ट्रकचे नवेकोरे एअर फिल्टर मिळाले. ट्रकांच्या लाल धुळीने आयुष्यभर छळलं, तिची एवढी तरी भरपाई!

पंचायतीची माणसं आली तेव्हा राउटर चालू करून हवा मोजायचं यंत्र त्यांच्या हातात दिलं. दुकान राहिलं. त्यानंतरची वर्षं बरी गेली.

विचारलं नाहीत तरी सांगतो. कपड्यांवर कॉम्प्रेसरची हवा मारू नका. दारात टेबल फॅन लावून धूळ ‘बाहेर घालवू’ नका, ती आधी तुमच्या नाकातून जाते. दाढीवर मास्क नीट बसत नाही. शिसव आणि सागाची पूड अंगाला खाज आणते, ती सोसण्यात पुरुषार्थ नाही. आणि जिथे रंध्याने भागतं तिथे सँडर फिरवायचा नाही. हे पोरांना सांगून माझं तोंड दुखलं.

परवा पत्रेवाल्याने सांगितलं, तो ‘मासेवाला’ येऊन सायक्लोन करून घेऊन गेला, अगदी आमच्याच मापाचा. काल त्याच्या दुकानावरून गेलो तेव्हा बसवलेला दिसला. पाईप चार इंचीच जोडलाय. मी काही गाडी थांबवली नाही.